उत्तर बसतं, पण सूत्र जुळत नाही : मराठी गूढकोड्यातली नेहमीची अडचण

गूढकोडं म्हणजे असं शब्दकोडं, ज्यातल्या प्रत्येक शोधसूत्रात, म्हणजे उत्तराकडे नेणाऱ्या वाक्यात, सरळ अर्थासोबत अक्षरांचा किंवा अर्थाचा खेळही दडलेला असतो. चौकट भरून झालेली असते. आडवे आणि उभे शब्द एकमेकांना छेद देऊन नीट बसलेले असतात. तरी एखाद्या शोधसूत्रापुढे पेन्सिलीचं प्रश्नचिन्ह राहतंच, कारण उत्तर हेच आहे हे कळतं आणि का आहे ते कळत नाही. दुसरी तक्रार याच्या उलट: सूत्रातला खेळ ओळखल्यासारखा वाटतो, अक्षरंही मांडून होतात, आणि हाती लागतं ते मराठीत शब्दच नसतं.

पुण्यात आम्ही काही जण रविवारी सकाळी एकमेकांनी रचलेली गूढकोडी घेऊन बसतो. तिथला बराचसा वेळ या दोन तक्रारींतच जातो. दोन्हींचं मूळ बहुतेक वेळा एकच निघतं: सूत्रातल्या एखाद्या शब्दाला कामच दिलेलं नसतं, किंवा एकाच शब्दाला दोन कामं दिलेली असतात. चूक सोडवणाऱ्याची की रचणाऱ्याची, हे ठरवायलाही हीच तपासणी पुरते. मात्र ती मराठीत काही ठरावीक ठिकाणी हटकून अडते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी एक धडधाकट सूत्र

अमृततुल्यात मिळतो तो हाच, पण उलटा (२)

कंसातला आकडा म्हणजे घरं. उत्तर: चहा. ‘अमृततुल्यात मिळतो तो’ ही व्याख्या, म्हणजे साध्या कोड्यात असतो तसा सरळ अर्थ. ‘हाच’ हा कच्चा माल. ‘उलटा’ ही खूण, मालाचं काय करायचं ते सांगणारी. ‘पण’ हा दोन भागांना जोडणारा टाका. सहाही शब्दांना काम आहे आणि कुणालाही दुसरं काम नाही. वाक्य म्हणून वाचलं तर मात्र टपरीवर कुणीतरी कपाकडे बोट दाखवून बोलतंय असं वाटतं, आणि तिथेच माणूस फसतो.

तेव्हा अडलात की वाक्य वाचणं थांबवा. स्वल्पविराम, उद्गारचिन्ह, प्रश्नचिन्ह यांच्यावर विश्वास ठेवू नका, ती बहुधा दिशाभूल करायलाच बसवलेली असतात. व्याख्या सूत्राच्या एका टोकाला असते, सुरुवातीला किंवा शेवटी. मधोमध कधीच नसते. म्हणून एकेका टोकाकडून शब्द झाकत जायचं: पहिला शब्दच व्याख्या? पहिले दोन? पहिले तीन? मग शेवटाकडून तसंच. उरलेल्या भागात खूण वाटणारा शब्द सापडतो का ते बघायचं.

तालमीत रोज चालते ती वेडीवाकडी सरकत (४)

इथे डोळ्यांपुढे अंग चोरून सरकणारी कुणीतरी येते. शेवटाकडून झाकायला लागलं की ‘सरकत’ हा चार अक्षरी शब्द एकटा पडतो, त्याच्याआधी ‘वेडीवाकडी’ ही खूण दिसते, आणि स-र-क-त विस्कटून कसरत होते. आकड्याइतक्याच अक्षरांचा शब्द सूत्रात दिसला की आधी त्याच्यावर संशय घ्यावा. नवशिक्याला एवढी एक सवय लागली तरी फेरफाराची सूत्रं पटापट सुटायला लागतात.

काय विस्कटायचं: अक्षर की वर्ण?

‘अक्षरं मांडली पण शब्द होत नाही’ या तक्रारीचं पहिलं कारण हे. पुढच्या सूत्रावर आमच्याकडे चांगलीच खडाजंगी झाली होती:

मांडवात उभा, उधळलेला वानर (३)

उत्तर नवरा. उपस्थित बायकांना ते ताबडतोब पटलं. पण वा-न-र ही तीन घरं कशीही हलवली तरी न-व-रा होत नाही, कारण काना ‘व’ला चिकटलेला आहे आणि उत्तरात तो ‘र’ला हवा. शब्द वर्णांत फोडला तर मात्र बरोबर जमतं: दोन्हीकडे व, न, र ही व्यंजनं आणि एक ‘आ’. रचणाऱ्याचं म्हणणं, मी वर्ण हलवले. सोडवणाऱ्यांचं म्हणणं, चौकटीत आम्ही वर्ण लिहित नाही, अक्षरं लिहितो.

इंग्रजीत हा प्रश्न उद्भवतच नाही, तिथे अक्षर आणि घर एकच. आपल्याकडे घरात काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार, जोडाक्षर सगळं एकत्र राहतं. ‘पर्वती’ची घरं तीन: प, र्व, ती. कंसातला आकडा अक्षरांचा आहे, म्हणजे रचणाऱ्यानं एकक ठरवून टाकलेलं आहे. तेच एकक फेरफारालाही लागू व्हायला हवं, असं माझं मत. काना-मात्रा सुटी करायची असेल तर तसं सूत्रात सांगा. वरचं सूत्र दुरुस्त करायला फार काही लागत नाही:

मांडवात उभा वानर उधळला, काना सरकला (३)

आता तक्रारीला जागा नाही. सोडवणाऱ्यासाठी उपाय असा: आधी अख्खी अक्षरं हलवून बघा. नाही जमलं तर स्वरचिन्हं बाजूला काढून नुसती व्यंजनं मांडा, शब्द दिसतो का पाहा, आणि मग सूत्रात काना, मात्रा, वेलांटी यांचा उल्लेख आहे का ते शोधा. उल्लेख नसेल आणि तरी वर्णच हलवलेले असतील, तर उत्तर लिहा आणि रचणाऱ्याला टोका.

खरं तर स्वरचिन्हं हा आपल्याकडचा सर्वांत रसाळ माल आहे आणि तो फार कमी वापरला जातो. हे बघा:

खिडकीची पहिली वेलांटी उडाली, दिसली पुण्याची छावणी (३)

खिडकी वजा ऱ्हस्व वेलांटी म्हणजे खडकी. ‘पहिली वेलांटी’ हे शाळेतलं ऱ्हस्व इकाराचं नाव, आणि शब्दातही ती क्रमानं पहिलीच येते. दोन्ही वाटांनी गेलात तरी एकाच ठिकाणी पोचता. ‘दिसली’ हा टाका. असं सूत्र इंग्रजीत रचताच येणार नाही.

अख्खं अक्षर बदलण्याच्या प्रकाराला आम्ही ‘ध चा मा’ म्हणतो, दुसरं नाव शोधायची गरजच पडली नाही. ३० ऑगस्ट १७७३ ला शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला. ‘धरावे’चं ‘मारावे’ कुणी केलं याची आख्यायिका पुण्यात पोरासोरांनाही पाठ असते. तांत्रिक दृष्टीनं पाहिलं तर तिथेही ‘ध’ गेला आणि ‘मा’ आला, काना वेगळा हलवलेला नाही. सूत्रात ‘आनंदीबाईच्या हातून’, ‘शनिवारवाड्यातून जाऊन आलेलं’ अशी काही खूण दिसली तर ध आणि मा शोधायला लागा.

प्रत्यय: इथे सगळ्यात जास्त गाड्या अडतात

मराठीत ‘मध्ये’, ‘वर’, ‘चा’, ‘ला’ हे शब्दाला चिकटतात आणि चिकटताना शब्दाचं रूपही बदलतात. सामान्यरूप ही गोष्ट व्याकरणाच्या तासाला जेवढी कंटाळवाणी वाटायची तेवढीच ती गूढकोड्यात जीवघेणी आहे. घोडा, पण घोड्यात. पेठ, पण पेठेत. पीठ, पण पिठात. इथे तर वेलांटीही ऱ्हस्व झाली. म्हणजे रचणारा म्हणतो ‘पिठात अमुक’, आणि सोडवणारा पी-ठ शोधत बसतो जे छापलेलंच नाही.

एक सूत्र घ्या:

नाकात टवाळाचं तोंड, बालगंधर्वला लागतं ते (३)

‘तोंड’ म्हणजे शब्दाचं पहिलं अक्षर, तेव्हा टवाळाचं तोंड ट. तो नाकात घातला की ना-ट-क. बालगंधर्व रंगमंदिर १९६८ पासून उभं आहे आणि तिथे नाटक ‘लागतं’, म्हणजे व्याख्या चोख आहे. तरी मला हे सूत्र अर्धवट वाटतं. छापलंय ‘नाकात’, म्हणजे ना-का-त. माल म्हणून हवा असलेला ‘नाक’ कागदावर कुठेच अख्खा नाही. सोडवणाऱ्यानं आधी प्रत्यय काढायचा, मग काना काढायचा, मग मूळ शब्द घ्यायचा. एवढं सगळं त्यानं करायचं, मग रचणाऱ्यानं काय केलं?

यावर आम्ही एक नियम धरून चालतो. जिथे अक्षरंच माल आहेत, तिथे मूळ शब्द छापील मजकुरात अखंड दिसला पाहिजे. जिथे अर्थावरून शब्द काढायचा आहे, तिथे प्रत्यय खुशाल लावा, कारण अर्थाला सामान्यरूप होत नाही. नाटकाचं सूत्र मग असं होतं: ‘वास घेणाऱ्यात टवाळाचं तोंड, बालगंधर्वला लागतं ते (३)’. वास घेणारं म्हणजे नाक, हे सोडवणाऱ्यानं अर्थावरून काढलं. त्याच्या आत ट.

या नियमाचा फायदा रचणाऱ्याला जास्त. कोणते शब्द प्रत्यय लागूनही शाबूत राहतात, ते त्याला ओळखता यायला लागतं. खिडकी, नदी, कडी, हत्ती हे शब्द बिनधास्त वापरा, ईकार तसाच राहतो. दुसरी पळवाट निर्जीव कर्माची: आपण ‘दगड फोडला’ म्हणतो, ‘दगडाला फोडला’ म्हणत नाही. शब्द कोरा राहतो. तिसरी पळवाट विशेषणाची, ‘फोडलेला दगड’. म्हणून हे सूत्र प्रत्ययाच्या कसोटीला उतरतं:

फोडलेला दगड आतून गर्द (३)

द-ग-ड फोडून गडद. पण थांबा, ‘आतून’चं काम काय? काहीच नाही. वाक्य शोभिवंत व्हावं म्हणून तो आला आणि सोडवणारा दगडाच्या मधलं अक्षर काढत बसला. ‘आतून’ काढून टाका, सूत्र बरं होतं. बिनकामाचा शब्द हा असा खोटी वाट दाखवतो, म्हणून तो दोष. नुसता अवघडपणा हा दोष नाही.

आणि दोन कामं करणारा शब्द? त्याचं उदाहरण जरा सूक्ष्म आहे:

कोशिंबिरीला हवी ती अडकली एका कडीत (३)

‘एका कडीत’च्या पोटात का-क-डी सलग आहे, ए आणि त दोन बाजूंना. काकडी. आता कडीतला ‘त’ हा मालाचा भाग आहे, की ‘मध्ये’ सांगणारी खूण? माल धरला तर ‘अडकली’ला आधार राहत नाही. खूण धरली तर माल ‘एका कडी’ एवढाच राहतो आणि उत्तर त्याच्या शेवटाला टेकतं, पोटात राहत नाही. आमच्यातले कडक सोवळेवाले इथे गुण कापतात. मी नाही कापत. दोन्ही वाचनांतून काकडीच निघते, तिसरं काही निघत नाही, आणि सोडवणारा फसवला गेला असं त्याला वाटत नाही. ‘एकाच शब्दाला दोन कामं नकोत’ हा नियम उत्तर डळमळीत होऊ नये म्हणून आहे. ते डळमळत नसेल तर नियमाचा बाऊ करू नये.

मागे, पुढे, वर

दोन तुकडे जोडून शब्द करायचा असेल तर कोणता आधी ते सांगावं लागतं, आणि इथे मराठी भलतीच लबाड आहे.

पंढरीच्या वाटेवरचा, दिवसामागे हत्ती (४)

दिवस म्हणजे वार, त्याच्या मागे हत्ती म्हणजे करी. वारकरी. म्हणजे ‘मागे’चा अर्थ नंतर. आता दुसरं:

उलट्या नोकरापुढे शंकर, अशी आमची पेठ (४)

नोकर दास, उलटला की सदा, पुढे शिव. सदाशिव. म्हणजे ‘पुढे’चा अर्थसुद्धा नंतर! हत्ती मागे असला तरी नंतर आणि शंकर पुढे असला तरी नंतर. मिरवणुकीच्या हिशेबानं मागचा नंतर येतो, वाचनाच्या हिशेबानं पुढचा. दोन्ही अर्थ मराठीत रोजचे आहेत, त्यामुळे कुणालाच चूक म्हणता येत नाही. सोडवणाऱ्यानं ‘मागे’ किंवा ‘पुढे’ दिसलं की दोन्ही क्रम लावून बघावेत, वाद नंतर घालावा. रचणाऱ्याला शंका असेल तर ‘आधी’ आणि ‘नंतर’ आहेतच. सदाशिवसाठी माझं आवडतं सूत्र वेगळंच आहे, त्यात ही भानगडच नाही: ‘पेठ म्हणजे कायम टाके घाल (४)’. कायम, सदा, टाके घाल, शिव.

‘वर’ आणि ‘खाली’ मात्र फक्त उभ्या शब्दांत. यावरून एका काकांशी झालेला संवाद सांगण्यासारखा आहे. बँकेतून निवृत्त, कोडी सुरेख रचतात, ऐकून घेत नाहीत. त्यांचं सूत्र होतं: ‘हत्तीवर घाव, निघाला पंढरीला (४)’.

मी म्हटलं, “काका, हा आडवा शब्द आहे. आडव्यात हत्तीवर घाव कसा बसेल?”

“अगं, हत्तीवर घाव म्हटलं की घाव आधी आला ना!”

“चौकटीत वरचं घर म्हणजे वरचं घर. तुम्ही हा उभा घ्या, मग वार वर आणि करी खाली, एकदम फर्स्टक्लास.”

“घेतो. मग तर झालं?”

“नाही झालं. ‘निघाला पंढरीला’ हे क्रियापद आहे. वारकरी हे नाम आहे.”

काकांनी चष्मा काढून पुसला. पुढच्या रविवारी आलं ते असं: ‘हत्तीवर घाव? हा तर पंढरीचा वाटसरू (४)’, उभे शब्द, क्रमांक सहा. त्याला नाव ठेवायला जागा नव्हती, एक सोडून: ‘करी’ म्हणजे हत्ती हे सगळ्यांना कुठे माहीत असतं? काकांनी दाते-कर्व्यांच्या शब्दकोशाचा हवाला दिला. १९३२ पासून पुण्यातच खंडाखंडांनी निघालेला तो कोश आमच्याकडे शेवटचा निवाडा मानतात, त्यामुळे विषय मिटला. तरी माझं म्हणणं कायम आहे: जुना शब्द वापरायचा असेल तर छेद देणारे शब्द सोपे ठेवावेत.

नाम, क्रियापद, आणि तो-ती-ते

काकांची अडचण सगळ्यांचीच आहे. मराठी वाक्य क्रियापदावर संपतं, त्यामुळे व्याख्या शेवटी ठेवली की ती आपोआप क्रियापदाची होते: ‘वाहते’, ‘निघाला’, ‘खातात’. उत्तर नाम असेल तर हे जुळत नाही. व्याख्येच्या जागी उत्तर ठेवून वाक्य म्हणून बघा. ‘गरीब उलटला की वाहते (२)’ या सूत्राचं उत्तर नदी, पण ‘वाहते’च्या जागी ‘नदी’ ठेवता येत नाही. ‘वाहणारी, पण गरिबानं पाठ फिरवलेली (२)’ असं केलं की जमतं: दीन उलटा, नदी.

सोडवणाऱ्याला यात एक फुकटचा धागा मिळतो. व्याख्या प्रामाणिक असेल तर ती उत्तराचं लिंग सांगून टाकते. ‘मिळतो तो’ म्हटल्यावर कॉफी बाद, चहा राहिला. ‘लागतं ते’ म्हटल्यावर नपुंसकलिंगी शब्दच शोधायचा. इंग्रजी गूढकोडी सोडवून मराठीकडे आलेले लोक हा धागा हमखास सोडून देतात. उलट बाजूनं, दोन अर्थांच्या शब्दात लिंगच वैरी होतं. ‘नाव’ या शब्दाचे दोन अर्थ, एक स्त्रीलिंगी, एक नपुंसकलिंगी. दोघांना एका वाक्यात बसवताना कोणतं तरी क्रियापद चुगली करतं. अशा वेळी क्रियापद टाळलेलं बरं. ‘शंभर लाखांचा शाब्दिक विनोद (२)’ या सूत्रात क्रियापद नाही आणि कोटी सुखानं नांदते. ‘लाखांचा’मधला ‘चा’ दोन अर्थांना जोडतो तो खटकतो म्हणणारे आहेत, त्यांच्याशी मी भांडत नाही.

दोन अर्थांच्या सूत्रांत माझ्या मते अव्वल नंबर याचा:

थोडं म्हातारपण (२)

जरा. उच्चार दोन, लेखन एक, आणि दोनच शब्दांत काम फत्ते. उच्चारावरून आठवलं: ‘ऐकू येतं’ अशी खूण मराठीत क्वचितच कामाला येते, कारण आपण बहुतेक लिहितो तसंच वाचतो. ती दिसली तर ऱ्हस्व-दीर्घाच्या जोड्या तपासा, दिन आणि दीन, सुत आणि सूत. न-ण ची जोडी कुणी पुण्यात वापरून दाखवावी, कोडं बाजूला राहील आणि रचणाऱ्याचं मूळ गाव विचारलं जाईल.

ऱ्हस्व-दीर्घाचा दुसरा त्रास छेदाच्या घरात होतो. आडव्याला ‘ती’ हवी, उभ्याला ‘ति’. काही वर्तमानपत्री कोड्यांत हे चालवून घेतात. गूढकोड्यात चालवू नये, कारण इथे वेलांटीसुद्धा माल असते.

‘हा मुळात इंग्रजी खेळ’

अडलं की कुणीतरी हे म्हणतंच, म्हणून इथेच निपटते. शिस्त तिकडचीच आहे, मान्य. लंडनच्या ऑब्झर्व्हर या वर्तमानपत्रात टॉर्केमाडा, झिमेनीझ आणि १९७२ पासून अझेड अशी टोपणनावं घेतलेल्या रचनाकारांची गादी चालत आली. पहिले दोघे स्पॅनिश धर्मपीठाच्या छळ करणाऱ्या न्यायाधीशांची नावं घेऊन बसले, आणि अझेड हे तसल्याच डेझा नावाच्या न्यायाधीशाचं उलटं रूप. झिमेनीझच्या शिकवणीचं अझेडनं काढलेलं सार तीन गोष्टींचं: नेमकी व्याख्या, न्याय्य खेळ, आणि याखेरीज काही नाही. आफ्रिट नावाच्या रचनाकारानं १९४९ मध्ये याहून मार्मिक सांगितलं: रचणाऱ्याला जे तो म्हणतो ते अभिप्रेत असण्याची गरज नाही, पण जे अभिप्रेत आहे ते त्यानं म्हटलंच पाहिजे. पुणेरी पाटी लिहिणाऱ्याला हे समजावून सांगावं लागत नाही. पाटी टोमणा मारते, पण दुपारी एक ते चार बंद म्हणजे बंद.

खेळ मात्र आपल्याकडे जुनाच आहे. शाळेत सभंग श्लेष शिकवतात तो म्हणजे तुकडे पाडून दुसरा अर्थ काढणं, सुमन आणि सु-मन. उत्तर प्रश्नाच्याच पोटात लपलेलं असेल तर त्याला अंतर्लापिका म्हणत. ‘कं संजघान कृष्णः’, कृष्णानं कुणाला मारलं? तोडायची जागा बदला: ‘कंसं जघान कृष्णः’. वाल्याचा ‘मरा मरा’ म्हणजे अक्षरानं उलटवलेला राम. मोरोपंतांनी बारामतीत बसून निरोष्ठ रामायण रचलं, ओठांना ओठ न लावता म्हणायचं. ‘म’ ओठांचा, म्हणजे रामायणात ‘राम’ म्हणायची सोय नाही. अशा लोकांच्या भाषेला चार घरांचं कोडं झेपत नाही, हे मला पटत नाही.

तरीही सूत्र सुटलं नाही तर

उत्तर पेन्सिलीनं लिहून ठेवा आणि सूत्राचे शब्द एकाखाली एक मांडा. प्रत्येकासमोर काम लिहा: व्याख्या, माल, खूण, टाका. एखादा शब्द रिकामा राहिला तर आधी तो टाका आहे का बघा. म्हणजे, तर, की, अशी, पण, दिसली हे शब्द टाके म्हणून चालतात. टाका नसेल तर तो खूण असण्याची शक्यता मोठी, आणि मग तुम्ही ओळखलेला खेळच कदाचित चुकीचा आहे, उत्तर बरोबर असलं तरी. छेदाची अक्षरं पक्की असतील तर उत्तरावरून उलट चालत या: शब्दाचे तुकडे पाडा, उलटा वाचा, काना-वेलांटी काढून बघा, मग सूत्रात त्या तुकड्यांचे अर्थ शोधा. आपल्या चौकटीत छेदाचं एक अक्षर खूप काही सांगतं. ‘ठी’ किंवा ‘र्व’ मिळाला की शब्द झपाट्यानं कमी होतात.

एवढं करूनही शब्द उरला, तर रचणाऱ्याला कळवा. ‘फार अवघड आहे’, ‘मजा नाही आली’ असं लिहून काही उपयोग नाही, त्याला त्यातून दुरुस्त काहीच करता येत नाही. नेमकं लिहा: “उभे ७: उत्तर गडद धरलंय. ‘फोडलेला’ खूण, ‘दगड’ माल, ‘गर्द’ व्याख्या. ‘आतून’चं काम सापडलं नाही. असेल तर सांगा, नसेल तर काढा.”